छाती न उघडता गळक्या मायट्रल झडपेची दुरुस्ती: क्लिप बसवणं, सुरुवातीपासून घरी येईपर्यंत

टूडी इकोच्या रिपोर्टवर ‘सिव्हिअर एमआर’, म्हणजे मायट्रल झडपेची गंभीर गळती, असं लिहून येतं, डॉक्टर म्हणतात, “मांडीतून नळी घालून क्लिप बसवता येईल का ते बघू,” आणि घरात लगेच तारखेची चर्चा सुरू होते. तारीख ठरवण्याआधी एका प्रश्नाचं उत्तर हाताशी हवं: झडप गळतेय ती कशामुळे? क्लिप कोणाला, कधी आणि किती उपयोगी पडेल, हे सगळं या उत्तरावर अवलंबून असतं. म्हणून हा लेखही तिथूनच सुरू करतो.

झडप गळते म्हणजे काय होतं

मायट्रल झडप हृदयाच्या डाव्या बाजूला, वरच्या आणि खालच्या कप्प्याच्या मध्ये असते. फुफ्फुसांतून आलेलं रक्त वरच्या कप्प्यात जमतं, झडप उघडली की खालच्या कप्प्यात उतरतं, आणि खालचा कप्पा आकुंचन पावून ते महाधमनीत ढकलतो. त्या क्षणी झडप घट्ट मिटलेली असली पाहिजे. तिला दोन पाकळ्या असतात. पुढची पाकळी उंच आणि रुंद, मागची आखूड पण झडपेभोवतीच्या कड्याचा जास्त भाग व्यापणारी. मागच्या पाकळीला तीन कमानी असतात. प्रत्येक पाकळीच्या काठाला आणि खालच्या अंगाला बारीक चिवट दोऱ्या जोडलेल्या असतात आणि त्या खालच्या कप्प्यातल्या दोन स्नायूंना बांधलेल्या असतात. छत्रीच्या काड्या जशा कापड उलटू देत नाहीत, तशा या दोऱ्या पाकळ्यांना वरच्या कप्प्यात उलटू देत नाहीत. पूर्ण उघडलेल्या निरोगी झडपेचं तोंड ४ ते ६ चौरस सेंटीमीटर असतं. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

पाकळ्या नीट मिटल्या नाहीत की रक्त उलटं वर जातं. वरच्या कप्प्यातला दाब वाढतो, तो मागे फुफ्फुसांपर्यंत पोचतो आणि माणसाला दम लागतो. आधी जिना चढताना, मग सपाटीवर चालताना, शेवटी आडवं झोपल्यावरसुद्धा. रात्री दोन-तीन उशा लागायला लागल्या, तर ते वयामुळे असेल असं धरून चालू नका.

गळतीचे दोन प्रकार

पहिल्या प्रकारात दोष झडपेतच असतो. दोरी तुटते किंवा ताणली जाते, पाकळी फुगते, तिचा काठ वरच्या कप्प्यात फडफडतो. याला प्राथमिक गळती म्हणतात. दुसऱ्या प्रकारात पाकळ्या आणि दोऱ्या मुळात धड असतात, पण खालचा कप्पा पसरलेला असतो: जुन्या हार्ट अटॅकमुळे किंवा हृदयाचा स्नायू कमजोर झाल्यामुळे. कप्पा पसरला की स्नायू लांब सरकतात, दोऱ्या पाकळ्यांना खाली ओढून धरतात आणि काठ एकमेकांपर्यंत पोचतच नाहीत. ही दुय्यम गळती. ठोके अनियमित पडत राहिल्यामुळे, म्हणजे एट्रियल फिब्रिलेशनमुळे, वरचा कप्पा आणि झडपेचं कडं पसरूनही दुय्यम गळती होते.

प्राथमिक गळतीत झडप दुरुस्त झाली की मूळ आजारावरच उपाय होतो. म्हणून शस्त्रक्रिया झेपणाऱ्या रुग्णासाठी अनुभवी सर्जनच्या हातची दुरुस्ती आजही पहिली निवड आहे. सर्जन तुटलेल्या दोरीच्या जागी नवी दोरी बसवतो, पाकळीचा जादा भाग काढतो आणि कड्याला रिंग घालून ते आवळतो. क्लिप यांतलं एकच काम करते: दोन काठ धरून ठेवते. वय, मूत्रपिंड, फुफ्फुसं, आधीची बायपास किंवा एकूणच अशक्तपणा यांमुळे शस्त्रक्रियेचा धोका मोठा असेल, तेव्हा क्लिपचा विचार होतो. ‘छाती उघडावी लागत नाही’ एवढ्याच कारणावरून धडधाकट माणसाने क्लिप मागू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

दुय्यम गळतीत मूळ आजार पंपाचा असतो. तिथे आधी हृदय कमजोरीची औषधं पूर्ण मात्रेपर्यंत न्यायची, गरज असेल तर विशेष पेसमेकर बसवायचा, आणि तरीही गळती आणि दम कायम राहिला तर क्लिप. २०१८ साली एकाच क्लिपच्या दोन मोठ्या चाचण्यांचे निकाल आले आणि ते उलटसुलट निघाले. कोॲप्ट चाचणीत ६१४ रुग्ण होते. दोन वर्षांत क्लिप लावलेल्यांपैकी २९.१ टक्के रुग्ण दगावले, नुसत्या औषधांवर असलेल्यांपैकी ४६.१ टक्के. त्याच वर्षीच्या फ्रान्समधल्या मित्रा-एफआर चाचणीत मात्र एका वर्षानंतर दोन्ही गटांत फरक दिसला नाही. याचं सर्वाधिक मान्य स्पष्टीकरण असं: कोॲप्टमध्ये कप्पा त्या मानाने कमी पसरलेला आणि गळती मोठी होती, शिवाय औषधं आधीच कमाल मात्रेवर नेलेली होती. मित्रा-एफआरमध्ये कप्पे जास्त पसरलेले आणि गळती त्या मानाने कमी होती. पंप फार थकलेला असेल तर गळती थांबवूनही तो सावरत नाही. दुय्यम गळतीच्या रुग्णाची निवड करताना म्हणूनच साधारण पुढचे निकष बघतात: पंपाची ताकद, म्हणजे इजेक्शन फ्रॅक्शन, २० ते ५० टक्के, आकुंचनाच्या शेवटी कप्प्याचा व्यास ७० मिलिमीटरपर्यंत, फुफ्फुसाच्या धमनीतला वरचा दाब ७० मिमी पाऱ्यापर्यंत.

ही कल्पना आली कुठून, तेही थोडक्यात. इटलीचे सर्जन ओताव्हिओ अल्फिएरी यांनी १९९१ मध्ये दोन्ही पाकळ्यांचे मधले काठ एका टाक्याने जोडले. मधोमध शिवल्यामुळे झडपेला एकाऐवजी दोन तोंडं झाली, रक्त दोन्हींतून उतरू लागलं आणि गळती थांबली. हाच टाका नळीतून क्लिपने घालायचा पहिला प्रयोग माणसावर २००३ मध्ये झाला. मायट्राक्लिप या उपकरणाला युरोपात २००८ मध्ये आणि अमेरिकेत २०१३ मध्ये मान्यता मिळाली. अमेरिकेतली मान्यता आधी प्राथमिक गळतीपुरती होती, दुय्यम गळतीसाठी ती २०१९ मध्ये आली.

पायरी पहिली: झडप क्लिपला योग्य आहे का

छातीवरून केलेल्या इकोत गळतीचं प्रमाण ठरतं. गळतीच्या भोकाचं क्षेत्रफळ ०.४ चौरस सेंटीमीटर किंवा जास्त, दर ठोक्याला उलट जाणारं रक्त ६० मिलिलिटर किंवा जास्त, उलट जाणारा वाटा ५० टक्के किंवा जास्त: या आकड्यांना गंभीर गळती धरतात. दुय्यम गळतीत भोक गोल नसून फटीसारखं लांबट असतं, त्यामुळे आकडा कमी येऊनही गळती गंभीर असू शकते. इको अंगावर सूज असताना आणि बीपी वाढलेलं असताना केला, तर गळती जास्त दिसते. म्हणून पाणी उतरवून, बीपी ताब्यात आणून केलेला इको निर्णयासाठी धरावा.

नंतर टीईई, म्हणजे घशातून अन्ननलिकेत तपासनळी सोडून केलेला इको. अन्ननलिका वरच्या डाव्या कप्प्याला अगदी चिकटून जाते, त्यामुळे झडप जवळून दिसते. क्लिप बसवता येईल की नाही हे या चित्रावर ठरतं. टीम काय बघते? गळती झडपेच्या मधल्या तिसऱ्या भागात असेल तर काम सोपं. कोपऱ्याशी असेल तर तिथे दोऱ्या दाट आणि आखूड असतात, क्लिप अडकण्याची भीती असते. तुटलेल्या दोरीच्या पाकळीचा काठ दुसऱ्या काठापासून १० मिलिमीटरपेक्षा वर उचललेला नसावा आणि फडफडणारा भाग १५ मिलिमीटरपेक्षा रुंद नसावा, असे सुरुवातीचे निकष होते. अनुभवी टीम आज लांब हातांच्या क्लिपने याच्या पुढेही जातात. पण नव्याने सुरू झालेल्या केंद्रात तुमची झडप या मर्यादेबाहेरची असेल, तर दुसरं मत जरूर घ्या.

अडचणीच्या झडपा कोणत्या तेही सांगतो. पकडायच्या जागी कॅल्शियम साचलेलं असेल तर क्लिपला धरायला मऊ पाकळी मिळत नाही. मागची पाकळी फार आखूड असेल तर पकड अपुरी राहते. झडपेचं तोंड ४ चौरस सेंटीमीटरपेक्षा लहान असेल, तर क्लिपने ते आणखी आवळलं जातं आणि गळकी झडप अरुंद झडप होऊन बसते. संधिवाताच्या तापाने जाड झालेल्या, कडेने चिकटलेल्या झडपा याच कारणाने बहुतेकदा नाकारल्या जातात. झडपेला चालू जंतुसंसर्ग असेल किंवा हृदयात रक्ताची गुठळी असेल, तर क्लिप त्या वेळी बसवत नाहीत. गुठळी बहुधा वरच्या डाव्या कप्प्याच्या पिशवीसारख्या कोपऱ्यात सापडते, तो कोपरा टीईईत मुद्दाम तपासतात.

या सगळ्यावर निर्णय एका डॉक्टरचा नसावा. हृदयरोगतज्ज्ञ, हार्ट सर्जन, इको वाचणारा तज्ज्ञ आणि भूलतज्ज्ञ एकत्र बसून ठरवतात. विचारा: “सर्जननी रिपोर्ट पाहिलेत का? त्यांचं मत काय?” हा प्रश्न विचारायला संकोच करू नका.

पायरी दुसरी: दाखल होण्यापूर्वी

हिमोग्लोबिन, क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी), आयएनआर (रक्त किती पातळ आहे ते बघायला), रक्तगट या तपासण्या, ईसीजी, आणि बहुतेकांना अँजिओग्राफी. दातांची तपासणी आधीच उरका. किडलेल्या दाताचा पू रक्तात जातो आणि नव्या बसवलेल्या धातूवर जंतू घर करू शकतात.

औषधांच्या बाबतीत स्वतःच्या मनाने काहीही बंद करायचं नाही. रक्त पातळ करणारी गोळी कधी थांबवायची आणि पुन्हा कधी सुरू करायची, ते लेखी घ्या. डापाग्लिफ्लोझिन आणि एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या मधुमेहासाठीही देतात आणि हृदयासाठीही. उपाशीपोटी त्यांच्यामुळे रक्तात आम्ल वाढू शकतं, म्हणून त्या साधारण ३ दिवस आधी थांबवायला सांगतात. ‘मला शुगर नाही, हृदयासाठी घेतो’ म्हणून ही गोळी यादीतून राहून जाते. घरात असतील नसतील तेवढ्या सगळ्या पाकिटांचा फोटो काढून न्या.

न विचारताही सांगाव्यात अशा गोष्टी: गिळायला त्रास, अन्ननलिकेचं किंवा जठराचं जुनं दुखणं, लिव्हरचा आजार, हलणारे दात किंवा कवळी, पायाच्या शिरेत पूर्वी झालेली गुठळी, पोटातल्या मोठ्या शिरेत बसवलेली जाळी, निकेल धातूची ॲलर्जी. क्लिपच्या काही भागांत निकेल असलेला मिश्रधातू असतो. गिळण्याच्या त्रासाचं महत्त्व अनेकांना कळत नाही, पण टीईईची नळी कित्येक तास अन्ननलिकेत राहणार असते.

घन अन्न भुलेच्या किमान ६ तास आधी बंद, साधं पाणी बहुधा २ तास आधीपर्यंत चालतं. तुमच्या भूलतज्ज्ञांनी वेगळं सांगितलं तर त्यांचंच ऐका.

साधनं एकदा बघून घ्या

मायट्राक्लिप ज्या मुख्य नळीतून जाते ती २४ फ्रेंच मापाची असते. ३ फ्रेंच म्हणजे १ मिलिमीटर, म्हणजे नळी ८ मिलिमीटर जाड, पेन्सिलीपेक्षा किंचित जास्त. टोक हवं तसं वळवायला तिच्या मागच्या बाजूला चकत्या असतात. क्लिपला दोन हात असतात, ते कोबाल्ट-क्रोमियमचे, वरून पॉलिएस्टरच्या विणीने मढवलेले. काही आठवड्यांत या विणीवर शरीराची स्वतःची ऊती चढायला लागते. हातांच्या आतल्या बाजूला दोन बारीक खाचेदार पट्ट्या असतात, त्यांना ग्रिपर म्हणतात. हात खालून पाकळीला आधार देतो, ग्रिपर वरून दाबतो आणि पाकळी दोघांच्या मध्ये धरली जाते.

या क्लिपच्या चौथ्या पिढीत चार मापं आहेत: एनटी, एनटीडब्ल्यू, एक्सटी आणि एक्सटीडब्ल्यू. एनटीचे हात ९ मिलिमीटर, एक्सटीचे १२ मिलिमीटर, आणि डब्ल्यू म्हणजे रुंद: ४ ऐवजी ६ मिलिमीटर. लांब, फडफडत्या पाकळीला लांब हात. आखूड पाकळीला आखूड. रुंद क्लिप एका फटक्यात जास्त गळती थांबवते, पण तोंडही जास्त व्यापते. ४ चौरस सेंटीमीटरच्या झडपेत रुंद क्लिप घालताना दहा वेळा विचार करावा लागतो. पास्कल नावाचं दुसरं उपकरणही वापरात आहे. त्याच्या मध्यभागी फट भरून काढणारा एक ठोकळा असतो आणि त्याच्या पट्ट्या निटिनॉल या मिश्रधातूच्या, लवचिक असतात.

पायरी तिसरी: मांडीतली शीर आणि हृदयातला पडदा

काम कॅथलॅबमध्ये, बहुधा पूर्ण भुलेखाली होतं. झोप लागल्यावर टीईईची नळी घालतात. पुढचं सगळं काम त्याच चित्रावर आणि एक्स-रेवर चालतं. एक्स-रेवर धातू दिसतो, पाकळ्या दिसत नाहीत. पाकळ्या फक्त इकोत दिसतात. त्यामुळे इको करणारा तज्ज्ञ किती मुरलेला आहे, यावर अर्धं यश ठरतं.

उजव्या जांघेतल्या शिरेत सोनोग्राफीने बघत सुई घालतात. ही शीर आहे, धमनी नाही, त्यामुळे तिथे रक्ताचा दाब कमी असतो आणि एवढी जाड नळी घालता येते. छिद्र शेवटी बंद करायचा टाका बऱ्याचदा सुरुवातीलाच घालून ठेवतात. शिरेतून वर गेलं की आधी हृदयाचा उजवा वरचा कप्पा लागतो. डाव्या बाजूला जायचं तर दोन वरच्या कप्प्यांमधला पडदा ओलांडावा लागतो.

कुठेही भोक पाडून चालत नाही. पडद्याचा पातळ भाग निवडायचा आणि त्यातही वरची, मागची जागा. झडपेच्या पाकळ्या जिथे मिटतात, तिथपासून ही जागा साधारण ४ ते ४.५ सेंटीमीटर उंच हवी. उंची कमी पडली तर पाकळ्या पकडायला क्लिप वर ओढताना नळीला मागे सरकायला वावच उरत नाही. उंची फारच जास्त झाली तर क्लिप खालच्या कप्प्यात पुरेशी उतरत नाही. भोक पुढच्या बाजूला गेलं तर तिथे महाधमनी चिकटून असते. सुईने दाबल्यावर पडदा तंबूसारखा डाव्या कप्प्यात उचलला जातो, इकोत ते स्पष्ट दिसतं. तंबूचं टोक आणि झडप यांच्यातलं अंतर त्याच चित्रावर मोजतात आणि समाधान झाल्याखेरीज पुढे ढकलत नाहीत. इथे दहा मिनिटं जास्त गेली तर ती पुढे तासाभराची खटपट वाचवतात.

नळीवर गुठळी होऊ नये म्हणून हेपरिन देतात आणि रक्त गोठायचा वेळ, एसीटी, २५० सेकंदांच्या वर राखतात. तो दर अर्ध्या तासाने तपासतात.

मग डाव्या वरच्या फुफ्फुस-शिरेत कडक तार ठेवून तिच्यावरून मुख्य नळी पडद्यापलीकडे नेतात. आतली निमुळती नळी काढताना एक धोका असतो: हवा. वरच्या कप्प्यातला दाब कमी असेल तर नळीतून हवा आत खेचली जाते आणि मेंदूपर्यंत जाऊ शकते. म्हणून ती सावकाश काढतात, रक्त मागे ओढून हवा काढून टाकतात आणि नळी सलाइनने भरलेली ठेवतात.

पायरी चौथी: क्लिप झडपेवर आणून उभी करणं

मिटलेली क्लिप नळीतून डाव्या वरच्या कप्प्यात येते. तिथून तिला खाली, झडपेच्या दिशेने वळवतात. कप्प्याची भिंत पातळ असते, आणि ज्या कोपऱ्यात गुठळी होते तो कोपरा तर फारच नाजूक. क्लिपचं टोक सतत नजरेसमोर ठेवूनच ती हलवायची.

क्लिप गळतीच्या बरोबर वर आली की हात उघडतात आणि थ्रीडी इकोत झडप वरून बघतात. पडद्यावर ती घड्याळाच्या तबकडीसारखी दिसते, महाधमनी १२ च्या जागी. पुढच्या आणि मागच्या पाकळीची मिटण्याची रेघ मधोमध आडवी. क्लिपचे हात या रेघेला काटकोनात हवेत, म्हणजे मध्यभागी काम असेल तर १२ आणि ६ कडे. तिरकी क्लिप पाकळी अर्धवट पकडते आणि शेजारची घडी ओढून नवीनच गळती तयार करते.

दिशा जुळली की क्लिप झडपेतून खालच्या कप्प्यात उतरवतात आणि दिशा पुन्हा तपासतात, कारण उतरताना ती किंचित फिरते. मोठी फिरवाफिरव वर करायची, खाली अगदी थोडी. खालचा कप्पा दोऱ्यांनी भरलेला असतो आणि तिथे क्लिप गरागरा फिरवली की ती दोऱ्यांत गुंतते. गुंतल्यासारखी वाटली तर ओढायचं नाही. हात पूर्ण उलटे दुमडले की दोऱ्या त्यांवरून निसटतात आणि क्लिप सुखरूप वरच्या कप्प्यात परत येते.

पायरी पाचवी: पकड

सगळ्या कामाचं मर्म इथे आहे. हात साधारण १२० अंशांत उघडे ठेवून क्लिप हळूहळू वर ओढतात. प्रत्येक ठोक्याला पाकळ्या खाली येऊन हातांवर टेकताना दिसतात, पुन्हा उचलल्या जातात, पुन्हा टेकतात. दोन्ही पाकळ्या एकाच चित्रात, दोन्ही हातांवर नीट विसावलेल्या दिसल्या की ग्रिपर सोडतात. त्याच क्षणी पाकळ्यांची फडफड थांबते. काठ हलायचा बंद होतो, फक्त पाकळीचं पोट ठोक्याबरोबर हलत राहतं. मग हात ६० अंशांपर्यंत मिटून थांबतात.

पाकळी फार फडफडत असेल तर भूलतज्ज्ञ काही सेकंद श्वास थांबवतात, म्हणजे हृदय एका जागी राहतं. नव्या क्लिपमध्ये ग्रिपर एकेक वेगळे सोडता येतात. आधी अवघड पाकळी धरायची, मग दुसरी.

आता हा प्रश्न: पाकळी किती आत आली? ९ मिलिमीटरच्या हातावर किमान ६ मिलिमीटर पाकळी असावी. ती मोजायची कशी, तर पकडण्याआधी मोजलेली पाकळीची लांबी आणि पकडल्यानंतर क्लिपबाहेर उरलेली लांबी यांची वजाबाकी करून. नुसतं ‘गळती थांबलेली दिसते’ यावर भागवणं ही इथली सगळ्यात महागात पडणारी चूक. काठाची दोन मिलिमीटर पाकळी चिमटीत आली तरी रंगीत चित्रात गळती नाहीशी होते, आणि दुसऱ्या दिवशी, किंवा आठवड्याभरात, ती पाकळी निसटते.

पायरी सहावी: सोडण्यापूर्वीची तपासणी

क्लिप अजून नळीला जोडलेली असते, तोवर सगळं उलट फिरवता येतं. हात उघडून, ग्रिपर उचलून पुन्हा पकडता येतं किंवा सगळंच बाहेर काढता येतं. म्हणून सोडण्याआधी घाई अजिबात नको. बघायचं ते असं:

गळती किती उरली. भुलेखाली बीपी खाली आलेलं असतं आणि त्यामुळे गळती खोटी कमी दिसते. औषधाने बीपी जागेपणीच्या पातळीवर आणून मग बघायचं.

झडप अरुंद तर झाली नाही ना. रक्त झडपेतून खाली उतरताना वरच्या आणि खालच्या कप्प्यातल्या दाबांतला सरासरी फरक ५ मिमी पाऱ्यापर्यंत चालतो. ठोके जलद असतील तर हा आकडा फुगतो, म्हणून त्याच्याशेजारी ठोक्यांचा वेगही लिहायचा.

फुफ्फुस-शिरांतला प्रवाह. गंभीर गळतीत तो आकुंचनाच्या वेळी उलटा वाहतो. सरळ झाला तर काम झालं याची खात्रीची खूण. वरच्या कप्प्यातला थेट मोजलेला दाबही उतरलेला दिसतो.

गळती जास्त उरली आणि दाबातला हा फरक थोडा वाढायला वाव असेल, तर पहिल्या क्लिपच्या शेजारी, तिला समांतर दुसरी लावतात. दोन क्लिप लागणं सर्रास होतं, त्याने घाबरून जायचं कारण नाही. थोडी गळती बहुतेकांना राहतेच. ती संपूर्ण बंद करायच्या हट्टाने तिसरी क्लिप घालून झडप अरुंद करून ठेवण्यापेक्षा सौम्य गळती परवडते.

मग क्लिप कुलूपबंद करून सोडतात, नळ्या काढतात, जांघेतला टाका आवळतात. पडद्यातलं भोक बहुतेक वेळा तसंच ठेवतात. ते पुष्कळांत हळूहळू लहान होतं. एकूण वेळ एक ते तीन तास, झडपेच्या अवघडपणानुसार.

काय बिघडू शकतं

एक पाकळी निसटून क्लिप दुसऱ्याच पाकळीवर लटकत राहणं, ही या कामाची खास गुंतागुंत. कारण वर सांगितलं तेच: अपुरी पकड. क्लिप सहसा वाहून जात नाही, पण गळती परत येते. शेजारी दुसरी क्लिप लावून बऱ्याचदा सावरता येतं, कधी शस्त्रक्रिया लागते. पातळ, जीर्ण पाकळी फाटणं याहून वाईट, कारण मग क्लिपला धरायलाच काही उरत नाही.

पडदा ओलांडताना किंवा वरच्या कप्प्यात भिंतीला छिद्र पडलं, तर हृदयाभोवतीच्या आवरणात रक्त जमतं. बीपी एकाएकी पडतं. इकोत लगेच दिसतं, सुईने ते रक्त काढतात आणि हेपरिनचा परिणाम उतरवायला प्रोटामीन देतात. गुठळी किंवा हवेमुळे पक्षाघात क्वचित होतो. जास्त करून आढळणारा त्रास जांघेत: रक्त साकळणं, सूज, काळंनिळं होणं.

पंप आधीच फार कमजोर असेल, तर गळती थांबल्याबरोबर त्याच्यावर ताण येतो. इतके दिवस अर्धं रक्त सोप्या वाटेने वर जात होतं, आता सगळं महाधमनीत ढकलायचं असतं. अशा रुग्णाला काही दिवस आयसीयूत औषधांचा आधार लागू शकतो. कुटुंबाला हे आधी सांगितलेलं असलं पाहिजे.

घरी आल्यावर

पाय सरळ ठेवून काही तास पडून राहावं लागतं. दुसऱ्या दिवशी इको, आणि सगळं ठीक असेल तर एक ते तीन दिवसांत घरी. घसा दोन दिवस खवखवतो, तो टीईईमुळे. पहिला आठवडा जड उचलू नका, जोर लावून शौचाला बसू नका. चालणं मात्र पहिल्या दिवसापासून. दमछाक करणारी कामं साधारण महिनाभर टाळायची.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या प्रत्येकाला वेगळ्या असतात. अनियमित ठोके असतील तर आधीचीच गोळी चालू राहते, नसतील तर ॲस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल काही महिने. ‘आता बरं वाटतंय’ म्हणून हृदय कमजोरीची औषधं सोडणं ही घरच्या घरी होणारी सर्वांत मोठी चूक. क्लिपने गळती कमी केली, पंप मात्र तोच आहे.

रोज सकाळी लघवीनंतर, नाश्त्याआधी वजन करा आणि वहीत लिहा. तीन दिवसांत २ किलोपेक्षा जास्त वाढलं तर अंगात पाणी साचतंय, फोन करा. थंडी वाजून ताप, काळी शौच, जांघेतली वाढती गाठ, बरा झालेला दम पुन्हा लागणं, यांपैकी काहीही झालं तर त्याच दिवशी दाखवा. बोलणं अडखळलं, तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला किंवा छातीत दुखून घेरी आली, तर थेट इमर्जन्सीत जा. तापासाठी परस्पर अँटिबायोटिक घेऊ नका. आधी रक्ताचं कल्चर घेतलं नाही, तर झडपेवरचा जंतू नंतर सापडत नाही.

पुढचे इको साधारण एका महिन्याने, सहा महिन्यांनी, वर्षाने आणि मग दरवर्षी. दाबातला फरक आणि उरलेली गळती हे दोन आकडे प्रत्येक वेळी आधीच्या रिपोर्टशी ताडून बघायला सांगा.

दात काढताना किंवा हिरड्यांचं काम करताना आधी अँटिबायोटिक लागतं. पेनिसिलिनची ॲलर्जी नसलेल्या प्रौढासाठी नेहमीचा डोस म्हणजे कामाच्या अर्धा ते एक तास आधी २ ग्रॅम ॲमॉक्सिसिलिन. दंतवैद्याला क्लिपबद्दल स्वतःहून सांगा. एमआरआय करता येतो, पण ठरावीक अटींवर. त्या अटी क्लिपसोबत मिळणाऱ्या इम्प्लांट कार्डावरच्या नाव-क्रमांकावरून कळतात. म्हणून हे कार्ड फाइलमध्ये घरी न ठेवता पाकिटात ठेवा आणि त्याचा एक फोटो घरातल्या आणखी एकाच्या मोबाइलमध्ये असू द्या.